चोवीस सेकंदांचा कासरा

२२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत मिनियापोलिसला झालेला बास्केटबॉलचा एक व्यावसायिक सामना १९-१८ असा संपला. ४८ मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण. यजमान लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंचांचा सेंटर होता आणि त्याला अडवेल असं पाहुण्या फोर्ट वेन पिस्टन्सकडे कुणी नव्हतं. त्यांनी साधी युक्ती काढली. चेंडू आपसांत फिरवत ठेवायचा, बास्केटकडे फिरकायचंच नाही. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे, तरी सामना पिस्टन्सनं नेला.

पिस्टन्सची ही अडचण बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला समजावून सांगावी लागणार नाही. घाटावरचा संघ असो की घाटाखालचा, जिल्हा जिंकून अमरावती विभागाच्या शालेय स्पर्धेला गेला की समोर अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम. त्यातल्या एखाद्या संघात एक ताडमाड पोरगा असतोच. तो आपल्याकडे नसेल तर आक्रमण कसं रचायचं?

चेंडू दाबून बसण्याची वाट तर केव्हाच बंद झाली. सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोन यानं हिशेब मांडला: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर चेंडू टाकतात, ४८ मिनिटांचे २८८० सेकंद भागिले १२०, म्हणजे २४. १९५४ पासून एनबीएत २४ सेकंदांच्या आत शॉट घेणं सक्तीचं झालं आणि एकाच हंगामात संघाची सामन्यामागची सरासरी साडेएकोणऐंशीवरून त्र्याण्णववर गेली. आंतरराष्ट्रीय नियमांत १९५६ साली आधी ३० सेकंद आले, २००० साली २४ झाले. आपल्याकडे खालच्या पातळीवर शॉट क्लॉकचं यंत्र सगळीकडे नसतं, त्यामुळे आघाडीवरचा संघ शेवटच्या दोन मिनिटांत आजही पिस्टन्स होतो. ते चालतं, पण त्यातून खेळ शिकता येत नाही.

या २४ सेकंदांचा मालक पॉइंट गार्ड. नियमानुसार चेंडू आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडून पुढे न्यावा लागतो. आठ पुरते वापरले तर उरले सोळा. पाचात गेला तर एकोणीस, आणि समोरचा डिफेन्स अजून जागेवर बसलेला नसतो. पुढे कोणाला, कधी, किती वेगानं चेंडू द्यायचा हे त्याच्या हाती. शंकरपटात जोडी कितीही तेज असली तरी कासरा धुरकऱ्याकडेच असतो, तसं हे आहे. आक्रमणाची शैली म्हणतात ती मला वाटतं प्रशिक्षकाच्या फळ्यावर थोडी आणि गार्डच्या घड्याळात जास्त असते.

याची दोन टोकं पाहावीत. युटा जॅझचा जॉन स्टॉकटन हा सहा फूट एक इंचाचा गार्ड १९ हंगाम एकाच संघाकडून खेळला आणि त्याच्या नावावर १५,८०६ असिस्ट आहेत. त्याचं हत्यार एकच, पिक अँड रोल. कार्ल मलोन गार्डच्या रक्षकाच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा. ही झाली स्क्रीन. स्टॉकटन त्याच्या खांद्याला खांदा घासून निघाला की रक्षक अडकायचा. मलोनचा रक्षक स्टॉकटनला अडवायला पुढे आला, की मलोन वळून बास्केटकडे मोकळा. तो नाही आला, तर स्टॉकटनच मोकळा. दोन बचावपटूंनी काहीही ठरवलं तरी एक दार उघडं राहतं. कुठलं, ते ओळखायला गार्डकडे अर्धा सेकंद. स्क्रीनला घासून न जाता दोन फुटांवरून गेलं तर रक्षक मधून निसटतो. आपल्याकडची निम्मी स्क्रीन तिथेच वाया जाते.

दुसरं टोक फिनिक्स सन्सचं. २००३-०४ मध्ये त्यांनी २९ सामने जिंकले होते. स्टीव्ह नॅश आला आणि माइक डी'अँटोनीच्या हाताखाली पुढच्याच हंगामात ६२. डाव असा, की सात सेकंदांच्या आत शॉट, तोही समोरचा उंच सेंटर मागे पोचायच्या आत. नॅशला २००५ आणि २००६ असे सलग दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. अजिंक्यपद मात्र या संघाला मिळालं नाही, हे पळापळीच्या भक्तांनी विसरू नये.

बुटक्या संघाला मी तरी दुसऱ्या टोकाकडे झुकायला सांगेन, जरा आवरून. रिबाउंड मिळताच पहिला पास गार्डला, बाजूच्या रेषांवरून दोघे पुढे. फास्ट ब्रेक जमला तर लेअप. नाही जमला तर पाचही जण तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरायचे. ही रेषा बास्केटपासून ६.७५ मीटरवर. समोरच्या ताडमाडाला मग पेच पडतो: आपल्या माणसाबरोबर बाहेर यावं, की बास्केटखाली थांबून त्याला मोकळं सोडावं? तो बाहेर आला की आत जागा होते. हिशेबही बाजूनं आहे. दोन गुणांचे दहा शॉट घेऊन चार पडले तर आठ. तीन गुणांचे दहांत तीन पडले तरी नऊ. अर्थात उन्हात तापलेल्या सिमेंटच्या मैदानावर, वारा सुटलेला असताना तीनही पडतील याची हमी कोण देणार? म्हणून हा शॉट धमकी म्हणून हवा, सवय म्हणून नको.

आपल्या संघांचं खरं दुखणं गार्डच्या निवडीत आहे. सगळ्यात बुटका आणि चपळ पोरगा गार्ड, असं ठरून जातं. तो खाली चेंडूकडे बघत उजव्याच हातानं ड्रिबल करतो, बाकी चौघं जागेवर उभी राहून 'दे ना बे' ओरडतात. नजर वर असलेला, डावा हातही चालणारा गार्ड दोन पावलं हळू असला तरी चालेल. उंचीची अटही नाही: २०२३ साली डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून देणारा निकोला योकिच हा सेंटर, आणि आक्रमण त्याच्याच पासांवर चालतं.

मुलींच्या संघांसाठी उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याची शिरीन लिमये ही गार्ड २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाचा ब गट जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. अंतिम सामन्यात कझाकस्तानवर ७५-७३ असा विजय मिळाला. दोन गुणांच्या फरकानं ठरणाऱ्या अशा सामन्यात शेवटच्या मिनिटांतला प्रत्येक चेंडू घड्याळाकडे बघून खेळावा लागतो.

अडचण एवढीच, की स्कोअरशीटवर गुण आणि फाउल लिहिले जातात. कुणाच्या पासवर बास्केट झालं हे त्यात येत नाही. सामना संपल्यावर टाळ्या वीस गुणवाल्याला मिळतात. राखीव बसलेल्या एखाद्या पोराच्या हाती वही द्यावी. प्रत्येक शॉट कितव्या सेकंदाला गेला, त्याआधीचा पास कुणाचा, चेंडू कुणाकडून हुकला, एवढंच त्यानं टिपावं. दोन-तीन सामन्यांत गार्ड कोण असावा हे सरांना वहीवरूनच कळेल, आणि बहुतेक वेळा ते नाव त्यांनी आधी ठरवलेलं नसेल.