चार गुणांचा रिपोर्ट

मेंढीच्या तांबड्या पेशींवर प्रतिपिंडांचा लेप चढवून त्यांत आमवाताच्या रुग्णाच्या रक्तातला द्रव मिसळला, की पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होत. नॉर्वेचे एरिक वालर यांनी हे निरीक्षण 1940 साली प्रसिद्ध केले. अमेरिकेत हॅरी रोज यांना 1948 मध्ये तेच दिसले. गुठळ्या करणारा तो पदार्थ म्हणजे आपल्या रिपोर्टवरचा ‘आरए फॅक्टर’. शरीराने स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध बनवलेले प्रतिपिंड!

नावात ‘आरए’, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस (आमवात), असल्यामुळे आकडा वाढला की घरात धसका बसतो. पण हिपॅटायटिस सी, क्षयरोग, कधी नुसते उतारवय, यांतही तो वाढतो. उलट आमवात असलेल्या दर पाचांपैकी साधारण एकाच्या रक्तात तो सापडतच नाही.

अँटी-सीसीपी ही चाचणी अधिक नेमकी. तिच्या मुळाशी आहे सिट्रुलिन हे अमिनो आम्ल, जे 1914 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कलिंगडातून वेगळे काढले. कलिंगडाच्या ‘सिट्रुलस’ या शास्त्रीय नावावरूनच त्याचे नाव पडले. शरीरातल्या प्रथिनांमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिन झाले, की काहींची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनांना परके समजून त्यांच्यावर प्रतिपिंडे सोडते. धूम्रपानाने फुप्फुसात हा बदल वाढतो. चाचणी शोधते ती हीच प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीही रक्तात आढळली आहेत. कलिंगड खाण्याशी मात्र याचा काही संबंध नाही, ते खुशाल खावे.

ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या फक्त दाह आहे एवढेच सांगतात, कशाचा ते नाही. साध्या रक्तक्षयातही ईएसआर चढतो.

अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी 2010 साली मुख्यतः संशोधनासाठी दहा गुणांचे कोष्टक ठरवले. निदान एक सांधा सुजलेला असेल तरच ते लावायचे. सहा गुण मिळाले तर आमवात. त्यात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी मिळून जास्तीत जास्त तीन गुण, ईएसआर-सीआरपीला एक. सगळे रिपोर्ट वाईट आले तरी बेरीज चारच! उरलेले गुण सांध्यांचे आणि दुखणे किती आठवडे टिकले त्याचे. म्हणून सांधे हाताने दाबून पाहणारा डॉक्टर लॅबपेक्षा महत्त्वाचा.

सकाळी तासभर मूठ वळत नसेल, बोटांच्या मुळाशी सूज असेल आणि असे सहा आठवडे चालले असेल, तर रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी संधिवाततज्ज्ञांना दाखवाच. उपचार लवकर सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात.