पाणी आले, मोसंबी गेली

हैदराबादचा घाऊक फळबाजार गेल्या चाळीस वर्षांत दोनदा उठला आणि दोन्ही वेळा पूर्वेकडे सरकला. आधी तो मोअज्जम जाही मार्केट आणि जांबागच्या परिसरात होता. तिथल्या विवेकवर्धिनी शाळेत शिकलेल्या मराठी पिढ्यांना तो शाळेच्या वाटेवरचा बाजार. 1986मध्ये तो गड्डीअन्नारमला गेला. 2021मध्ये ती जागा सरकारी रुग्णालयासाठी घेतली, व्यापारी न्यायालयात गेले, आणि अखेर ट्रक शहराबाहेर विजयवाडा महामार्गावरच्या बाटासिंगारमला उतरू लागले. कायमचा बाजार कोहेडाला व्हायचा आहे. गंमत अशी, की बाजार जसजसा नलगोंड्याच्या दिशेने सरकत गेला, तसतशी नलगोंड्याची मोसंबी आटत गेली.

नलगोंडा म्हणजे तेलंगणाचा मोसंबीपट्टा. गुर्रमपोड, निडमनूर, कनगल या भागांत एके काळी बागेला बाग लागून होती. तिथले फळ मात्र आपल्या जालन्याचे नव्हे. आपल्या मोसंबीच्या सालीवर उभ्या रेघा आणि बुडाशी गोल कडे असते, आंबटपणा नावापुरता. नलगोंड्यात लावतात ती सातगुडी: गोल, गुळगुळीत, पिकली की नारिंगी छटा धरणारी आणि चवीला जराशी आंबट. हैदराबादच्या रसाच्या गाड्यांवर उन्हाळाभर पिळली जाते ती मुख्यतः हीच. तेलुगूत तिला ‘बत्तायी’ म्हणतात. दखनीत मोसंबी ती मोसंबीच.

या बागा उभ्या राहिल्या त्या बोअरच्या पाण्यावर. नलगोंड्याचे भूजल फ्लोराइडमुळे देशभर बदनाम, तरी माणसाने प्यायचे नाही ते पाणी झाडाला चालले. सहा बाय सहा मीटरवर एकरी सुमारे 110 झाडे बसतात, आणि पाचव्या-सहाव्या वर्षापासून खरे उत्पन्न सुरू होते. म्हणजे शेतकरी पाच वर्षे खिशातून घालतो. मग डिंक्या, मूळकूज, फळगळ, शेंडेमर यांच्याशी झुंज. आणि एका उन्हाळ्यात बोअर कोरडे पडले, की पाच-सहा वर्षांची मेहनत दोन महिन्यांत सरपण होते. 2014-15 आणि 2015-16 या लागोपाठच्या दुष्काळांत हेच झाले. कुणी टँकरने झाडे जगवली, कुणी कुऱ्हाड लावली.

इथपर्यंतची गोष्ट मराठवाड्याला पाठ आहे. 2012-13च्या दुष्काळात जायकवाडीने तळ गाठला आणि जालना, अंबड, घनसावंगी, पैठण या भागांत वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडाव्या लागल्या. तरीही जालन्यात मोसंबी पुन्हा लागली; 2016मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. नलगोंड्याची कथा वेगळ्या वळणाने गेली. तिथे पुढे पाणी आले. नागार्जुनसागरचा डावा कालवा होताच, त्यात कृष्णेच्या उपसा योजनेचे पाणी मिळाले आणि 1 जानेवारी 2018पासून शेतीपंपांना चोवीस तास मोफत वीज. पाणी दिसताच शेतकऱ्याने मोसंबी लावायला हवी होती, असे शहरात बसून वाटते. त्याने भात लावला. त्याचे चुकले, असे मला वाटत नाही. भाताला आधारभूत किंमत आहे, गावात खरेदी केंद्र आहे आणि पैसा चार महिन्यांत हातात. मोसंबीला यातले काहीच नाही.

मोसंबीचा सौदा होतो बागेच्या बांधावर. व्यापारी येतो, झाडावरचा माल पाहून टनाचा भाव ठरवतो आणि वर वजनात ‘सूट’ कापतो. नलगोंड्यात खास मोसंबीसाठी बाजार उभारला, पण सूत्रे बांधावरच्या व्यापाऱ्याच्याच हाती राहिली. आणि त्याचा ट्रक बरेचदा हैदराबादला थांबतच नाही; थेट दिल्ली गाठतो. दारात पिकणारे फळ उत्तरेला जाते आणि शहराची तूट अनंतपूर-कडप्याच्या सातगुडीवर भरून निघते. 2020च्या टाळेबंदीत उत्तरेकडची वाट बंद झाली, तेव्हा मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी लोकांना मोसंबी-लिंबू खायला सांगितले आणि हा माल राज्यातच विकावा, असा आग्रह धरला. संकट सरले, ट्रक पुन्हा दिल्लीला लागले.

संत्र्याच्या बाबतीत तर हैदराबाद पूर्णपणे परावलंबी. दिवाळीपासून नागपूरचा आंबे बहार, जानेवारीत अबोहर-श्रीगंगानगरचा किन्नू, वसंतात पुन्हा नागपूरचा मृग बहार. जुन्या नोंदींनुसार नागपूरच्या भोसल्यांनी संत्र्याची कलमे औरंगाबादहून नेली, म्हणजे निजामाच्याच मुलखातून. औरंगाबाद-जालना 1956पर्यंत हैदराबाद राज्यात होते, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेजने राजधानीशी जोडलेले. राज्याची रेघ हलली आणि घरचे फळ परप्रांतीय झाले! आता त्या फळाचा हैदराबादी भाव ढाक्यातही ठरतो: बांगलादेशने संत्र्यावरचा आयातकर 2019मधल्या किलोमागे 20 बांगलादेशी टक्यांवरून 2023पर्यंत 88 टक्यांवर नेला, निर्यात अडली आणि तो माल देशातल्या मंड्यांत वळला. ग्राहकाला स्वस्ताई, वरूड-काटोलच्या बागाईतदाराला फटका.

लिंबाचे गणित सर्वांत नाजूक. तेलंगणात नकिरेकल, आंध्रात गुडूर आणि तेनाली या मंड्यांवर शहराचा पुरवठा चालतो, आणि उन्हाळ्यात लिंबू हवे तर बहार पावसाळ्याच्या शेवटी धरावा लागतो. 2021च्या अतिपावसाने नेमका तोच फुलोरा झडला, त्यात मार्चपासून ऊन तापले. एप्रिल 2022मध्ये लिंबू देशभर किलोला 200 रुपयांच्या पुढे गेले.

कोहेडाच्या नव्या बाजारासाठी शीतगृहांची, पॅकिंगची स्वप्ने रंगवली जात आहेत. बांधा जरूर. पण मोसंबीची किमान किंमत, वजनातल्या कपातीवर बंदी आणि नव्या बागेला पहिली पाच वर्षे आधार, एवढे तरी सरकारने त्याआधी करावे. नाहीतर त्या बाजारात नलगोंड्याहून येणारे ट्रक भाताच्या कोंड्याचेच असतील.