दोनऐवजी एकच सुई?

थायरॉइडच्या कर्करोगात ग्रंथी काढल्यावर तळेगाव दाभाड्याचा रुग्ण परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला गेला, की थायरॉइड संप्रेरकाची रोजची गोळी काही आठवडे बंद ठेवावी लागू शकते. मग चेहरा सुजतो, थंडी वाजते, जिना चढवत नाही. कशासाठी हा छळ? गोळी थांबली की मेंदूखालची पिट्युटरी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढवते आणि थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी उपचारासाठी दिलेलं किरणोत्सारी आयोडीन शोषतात.

टीएसएच बाहेरून टोचलं तर गोळी चालू राहते. पण शरीर ते लवकर काढून टाकतं, म्हणून लागोपाठ दोन दिवस सुई. संशोधक त्याला साखरेचे रेणू असलेली शेपटी जोडून पाहताहेत; असा थोराड रेणू मूत्रपिंडातून चाळणीतून पिठासारखा सहज सुटत नाही, म्हणून एकच सुई पुरेल अशी आशा आहे.

तोवर गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.