दुरुस्तीवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर
लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नसे. हिशेबनिशी शिकलेल्या या गृहस्थाने १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे त्याने अ‍ॅम्प्लिफायर बांधले, तेही उद्या हे आपल्यालाच उघडावं लागणार आहे असं धरून. त्यातला ‘बासमन’ १९५२ मध्ये बास गिटारसाठी आला आणि साध्या गिटारवाल्यांनी तो पळवला. १९५८ ते १९६० मधली त्याची ‘५एफ६-ए’ ही आवृत्ती म्हणजे या धंद्यातली बाराखडी. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बांधू पाहणारा आजही आधी तिच्या आराखड्याकडे वळतो.

आतला कारभार सगळा उघडा आहे. छापील सर्किट नाही. फायबरची एक पट्टी, तिच्यावर ओळीने डाख दिलेले रेझिस्टर आणि कपॅसिटर. कुठल्या टोकाला किती व्होल्ट मिळायला हवेत, ते आराखड्यातच लिहिलेलं. पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७, मग १२एएक्स७ दोन, शेवटी ५८८१ ची जोडी, आणि एसीचं डीसी करायला जीझेड३४. बाहेर दहा इंची चार स्पीकर.

खरी गंमत मधल्या टप्प्यांत आहे. टोनच्या बटणांआधी फेंडरने अर्धा व्हॉल्व्ह असा खर्च केला आहे, की जो सिग्नल वाढवतच नाही. टोनचं सर्किट आधीच्या टप्प्यावर ओझं टाकतं. ते ओझं हा अर्धा व्हॉल्व्ह अंगावर घेतो. पण आवाज चढवला की हाच टप्पा सिग्नलची एक बाजू दाबू लागतो, आणि वादकाला बोटाखाली जो ‘दाब’ जाणवतो त्यात याचा मोठा वाटा असतो. त्यापुढे सिग्नलचे दोन उलटसुलट भाग होतात. तिथे एका बाजूला ८२ किलोओहम, दुसऱ्या बाजूला १०० किलोओहमचा रेझिस्टर दिसतो. चूक वाटते, पण नाही. या टप्प्याच्या दोन बाजू मुळातच सारख्या ताकदीच्या नसतात. रेझिस्टर असमान ठेवले तर त्या जवळपास बरोबरीला येतात.

१९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमवादक जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी हेच सर्किट उचललं आणि ‘जेटीएम४५’ बांधला. उचललं म्हणजे जवळजवळ जसंच्या तसं. फरक पडला तो मुख्यतः हाताशी असलेल्या सामानामुळे. १२एवाय७ च्या जागी ईसीसी८३ आला. त्याची वर्धनक्षमता दुपटीहून जास्त, म्हणजे आवाज लवकर फाटणार. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमधले, स्पीकर बारा इंची आणि बंद पेटीत. आउटपुटमधून सिग्नलचा थोडा भाग मागे आणणारा, म्हणजे फीडबॅकचा रेझिस्टर तोच २७ किलोओहमचा, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या २ ओहमऐवजी १६ ओहमच्या टोकाला जोडलेला; तेवढ्याने फीडबॅक जवळजवळ तिप्पट झाला. जुन्या पिवळट कपॅसिटरसाठी सोन्याचा भाव मोजणाऱ्या शौकिनांनी हा इतिहास जरूर वाचावा. कपॅसिटरच्या जातीपेक्षा कुठे किती व्होल्ट आहेत, यावर आवाज कितीतरी जास्त ठरतो.

आतलं सगळं उघडं आणि व्होल्टेज आराखड्यातच लिहिलेले, म्हणूनच या अ‍ॅम्पमध्ये बांधणं आणि दुरुस्त करणं ही दोन वेगळी कौशल्यं नाहीत. घरघर ऐकूनसुद्धा कुठे बघायचं ते कळतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. घरघर १०० हर्ट्झची असेल तर बहुधा फिल्टर कपॅसिटर वाळले आहेत; खालच्या ५० च्या सुरात असेल तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटची वायर किंवा अर्थिंग बघावं. बटण फिरवताना खरखर झाली तर ते आतून मळलं असेल किंवा त्यावर डीसी झिरपत असेल. शेवटच्या व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झाली तर ताबडतोब बंद करा. तिथे ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, उणे व्होल्टेज हवं; आधीचा कपॅसिटर गळका झाला की ते उणेपण घटतं आणि व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो. कुरकुर येत-जात असेल तर कोरड्या लाकडी काडीने एकेक सांधा हलवून बघतात. ही काडी भल्या मीटरपेक्षा लवकर उत्तर देते.

मात्र आत ४०० हून जास्त व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. आधी रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. स्पीकर न जोडता असा अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

असा जुना अमेरिकी अ‍ॅम्प कुणाकडून मिळालाच, तर तो थेट आपल्या २३० व्होल्टला लावू नका. तो ११७ ला बांधलेला आहे. योग्य स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियनचा सिरीज बल्ब मध्ये ठेवा. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. दोन पिनांची मूळ वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची बसवा, मेन्समधून चॅसीला जाणारा छोटा कपॅसिटर काढून टाका आणि फिल्टर कपॅसिटर नवे घाला. बाकीचं, व्होल्टेज बरोबर येत असतील तर, हात न लावता राहू द्या.