पाहुण्यांचे पुणे आणि दुकानातला माणूस

परगावचा पाहुणा दोन दिवसांसाठी पुण्यात आला, की त्याला काय दाखवावे आणि कोठे खरेदीला न्यावे, याची यादी घरोघर तयार असते. शनिवारवाडा, पर्वती, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, आणि निघताना बाकरवडीचा पुडा. यादी चांगलीच आहे. पण आम्ही कामगार चळवळीतील माणसे तिच्याकडे जरा निराळ्या बाजूने पाहतो. एकाची फुरसत नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी कामावर उभी असते. ते काम पाहुण्याला दिसले, तर त्याला शहर अधिक कळेल.

प्रथम मंडई घ्या. ही अष्टकोनी इमारत उभी राहिली १८८६ च्या सुमारास, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले!

तेथून कसब्यातील तांबट आळीत जावे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके मारतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते ठसे नुसती शोभा नव्हेत. ठोकल्याने मऊ तांबे कणखर होते. घागरीचा भाव पाडून मागण्याआधी असे किती ठोके तिच्यावर पडले असतील, याचा विचार करावा.

दिनकर गंगाधर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ उभारलेल्या संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी. रोजच्या वापरातल्या वस्तूंना येथे मान मिळाला आहे. त्या घडवणाऱ्या बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचा हात मात्र तेथे दिसतो. संध्याकाळी नाटक पाहायचे, तर २६ जून १९६८ रोजी उघडलेले बालगंधर्व रंगमंदिर आहेच.

आता दुकानांकडे वळू. पुण्याची दुकाने दुपारी एक ते चार बंद, यावर पाहुणे फार हसतात. २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा ती वर्तमानपत्रांची बातमी झाली. आम्हांला त्या तीन तासांत हसण्यासारखे काही वाटत नाही. सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाने घरी जाऊन जेवावे, क्षणभर पाठ टेकावी, यात आळस कसला? मॉस्कोत १९२८ साली जी मोठी बाग उघडली, तिचे नावच ‘संस्कृती व विश्रांती उद्यान’. विश्रांतीवाचून संस्कृती नाही, हे त्या नावात आले.

ही विश्रांती कोणी फुकट दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि सभा-अर्जांच्या खटपटीनंतर १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. दुकानांतील नोकरांना १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाचा आधार होता. त्यात दुकानच आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. सुट्टी दिली की नाही, हे रस्त्यावरूनच कळे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दुकान वर्षभर उघडे ठेवण्याची मुभा दिली. नोकरांना पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी द्यायची, असे ठरले. पण दुकान रोज उघडे असते, तेव्हा कोणाची सुट्टी बुडाली हे बाहेरून दिसत नाही. शिवाय थोडेच नोकर असलेली छोटी दुकाने त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहतात; आणि आपल्या पेठांत अशीच दुकाने पुष्कळ.

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील नोकरांना बसायला आसन देण्याचा कायदा केला. साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना त्याचे मोल विचारा!

तेव्हा पाहुण्याला घेऊन निघालात, तर खरेदी दुपारी एकच्या आत उरका, किंवा संध्याकाळी लवकर. दुपार केळकर संग्रहालयासाठी ठेवा. दुकान बंद व्हायच्या वेळी आत शिरून वीस साड्या उलगडायला लावू नका. आणि साडी दाखवणाऱ्या बाईला एवढे जरूर विचारा: “ताई, तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?” तिला वार सांगता आला, तर दुकान चांगले आहे असे समजा.