विंडोज १० नंतरचा पेच : चालता संगणक ‘जुना’ कोण ठरवते?

नवी दिल्ली : येथील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा बंगळुरूतील एस. पी. रोड अशा बाजारांतून २०१७ च्या मध्यावर सुटे भाग निवडून बांधून घेतलेला संगणक आजही अनेक घरांत विनातक्रार चालतो. पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि सायंकाळी तासभर गेम एवढे काम त्याला जड जात नाही. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ या दिवसापासून तो धोक्याच्या यादीत गेला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचे सर्वसाधारण पाठबळ थांबवले आणि असे बहुतेक संगणक विंडोज ११ साठी अपात्र आहेत.

पाठबळ थांबले म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. थांबते ती दरमहा मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती. विंडोज १० आणि ११ यांच्या अंतरंगातील पुष्कळसा भाग समान आहे. त्यामुळे विंडोज ११ मधील एखादे छिद्र बुजवले गेले की, ती दुरुस्ती तपासून मूळ छिद्र नेमके कोठे होते हे जाणकार हल्लेखोराला शोधता येते. आणि विंडोज १० मध्ये तेच छिद्र उघडे राहिलेले असू शकते. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ला आठवावा. त्या त्रुटीवरील उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता, परंतु तो ज्यांनी बसवला नव्हता त्यांना फटका बसला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात होते. विंडोज एक्सपीचे पाठबळ तर २०१४ मध्येच संपले होते; त्या प्रणालीसाठी कंपनीला अपवाद म्हणून तातडीची दुरुस्ती द्यावी लागली.

मग विंडोज ११ का घेता येत नाही? ऑक्टोबर २०२१ मध्ये ही आवृत्ती आली, ती दोन कडक अटींसह. पहिली अट टीपीएम २.० ची. संगणकाच्या सांकेतिक किल्ल्या मुख्य प्रणालीपासून वेगळ्या, सुरक्षित ठेवणारी ही छोटी तिजोरी. कधी ती स्वतंत्र चिप असते, कधी प्रोसेसरमध्येच सामावलेली. दुसरी अट प्रोसेसरच्या पिढीची. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतील प्रोसेसर हवा, त्याआधीचे थोडेच अपवाद मान्य आहेत. इंटेलचे डेस्कटॉपसाठीचे सातव्या पिढीचे प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आले आणि आठव्या पिढीचे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. नऊ महिन्यांच्या या अंतराने एक संगणक पात्र ठरतो आणि शेजारचा अपात्र.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. दुकानात जुळवून घेतलेल्या अनेक संगणकांत टीपीएमची सोय असते, परंतु मदरबोर्डच्या बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रांवर ती ‘पीटीटी’ या नावाने आढळते, एएमडीच्या यंत्रांवर ‘एफटीपीएम’ या नावाने. ती सुरू करताच ‘अपात्र’ संगणक पात्र झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. नवा संगणक घेण्यापूर्वी ही पाच मिनिटांची तपासणी अवश्य करावी. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या क्लृप्त्या प्रचलित आहेत. पण अशा यंत्राला पुढील अद्ययावत दुरुस्त्या मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हौसेच्या संगणकावर हा प्रयोग ठीक, कार्यालयाच्या हिशेबाच्या यंत्रावर नाही.

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. तथापि, धडधाकट यंत्रे ज्या रेषेने बाद होतात ती कंपनीने आखलेली आहे, यंत्राच्या झिजेने नव्हे. नवा संगणक घेण्यासाठी काळही अनुकूल नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरी चिपना प्रचंड मागणी आल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला ग्राहकोपयोगी मेमरीचा व्यवसाय आवरता घेण्याची घोषणा केली.

घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ केली. त्यासाठी ३० डॉलर किंवा स्थानिक चलनात तेवढी रक्कम मोजावी लागते. अथवा संगणकाची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवल्यास ती विनामूल्य मिळते. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांसाठी, तेथील ग्राहक संघटनांच्या आक्षेपानंतर, सेटिंग्ज जोडण्याची अट काढण्यात आली. भारतीय ग्राहकाला ही सूट नाही.

लिनक्सचा पर्याय या टप्प्यावर पुढे येतो. तो गांभीर्याने घेतला जाऊ लागला याचे बरेच श्रेय, काहीसे अनपेक्षितपणे, गेम खेळणाऱ्यांना जाते. ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे दीर्घकाळ खरे होते. विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजच्याच भाषेत प्रणालीकडे मागण्या करतो आणि लिनक्सला ती भाषा कळत नाही. १९९३ पासून विकसित होत असलेले ‘वाइन’ हे सॉफ्टवेअर त्यांच्यात दुभाष्याचे काम करते. ‘स्टीम’ हे गेमविक्रीचे दालन चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यावर आधारित ‘प्रोटॉन’ ऑगस्ट २०१८ मध्ये आणले. विंडोजच्या डायरेक्टएक्समधील चित्रणाच्या आज्ञा ‘व्हल्कन’ या खुल्या मानकात बदलण्याची व्यवस्था त्यात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच कंपनीने लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे गेमयंत्र विक्रीस आणले. त्यानंतर असंख्य विंडोज गेम लिनक्सवर फारशी खटपट न करता चालू लागले.

अडथळा उरला तो फसवणूकविरोधी सॉफ्टवेअरचा. ऑनलाइन स्पर्धेत कोणी लबाडी करू नये म्हणून काही कंपन्या आपले पहारेकरी विंडोजच्या ‘कर्नल’मध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात बसवतात. दुभाष्याला तेथे प्रवेश नाही. भारतातील गेमिंग कॅफेंमध्ये लोकप्रिय असलेला ‘व्हॅलोरंट’ याच कारणाने लिनक्सवर चालत नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ने तर २०२४ मध्ये पूर्वी खुला असलेला हा मार्ग बंद केला. उलट ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ लिनक्सवर थेट चालतात. गाभ्यात कोणालाही प्रवेश देण्याची जोखीम जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतीय विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. खेळासाठी तोच प्रवेश द्यावा का, हा प्रश्न पालकांनी विचारला तर तो गैरलागू म्हणता येणार नाही.

लिनक्स देशाला नवखे नाही. केरळमधील शासकीय शाळांत संगणकाचे शिक्षण वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर दिले जाते. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली विकसित केली आहे. युनिकोड मराठीसाठी लागणारा इनस्क्रिप्ट कळफलक प्रचलित लिनक्स प्रणालींत उपलब्ध असतो. खरी अडचण नित्याच्या व्यावसायिक कामात आहे. लहान व्यापाऱ्याचे हिशेब ज्या टॅलीवर चालतात ते विंडोजसाठी बनलेले आहे. महाराष्ट्रातील अनेक छापखान्यांची श्रीलिपीतील जुनी कामेही विंडोजलाच बांधलेली आहेत. ज्यांचा चरितार्थ अशा सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे त्यांनी प्रणाली बदलण्याची घाई करू नये. वाढीव मुदतीत पात्र संगणकाची तजवीज करणे त्यांच्या हिताचे.

इतरांनी आठ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट उतरवून संगणक त्यावरून सुरू करून पाहावा. हार्ड डिस्कवर काहीही न बसवता प्रणाली अशी चालवता येते. मात्र ‘इन्स्टॉल’वर क्लिक करू नये. वायफाय जोडले जाते का, प्रिंटर कागद ओढतो का, आवाज येतो का, मराठी टंकन नीट होते का, हे अर्ध्या तासात कळते. जमले नाही तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज १० जसेच्या तसे समोर येते.