कामगार टिकत का नाही?

भोसरी-चिखलीच्या शेडमध्ये दोन-चार लेथ चालवणारे आपले बांधव भेटले की आम्हाला एकच गाऱ्हाणे सांगतात : पोरगा काम शिकतो, हाताशी येतो आणि चाकणच्या मोठ्या कंपनीत जातो. मागे ऑर्डर अडते, बँकेचा हप्ता थकतो. हे नुकसान खरेच आहे.

पण पोरगा का जातो? पगाराबरोबर त्याला फंडही हवा असतो. भविष्य निर्वाह निधी २० कामगारांपासून सक्तीचा आहे. मात्र मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील, तर सहा कामगारांच्या शेडलाही स्वेच्छेने नोंदणी करता येते. हे अनेकांना ठाऊकच नसते.

मालक बांधवांनो, वेळेवर पगार आणि फंडाचे खाते एवढे तरी द्या. कामगाराने भरवशाचे व्हावे असे वाटत असेल, तर आधी आपण भरवशाचे होऊ या.